रखमाबाईंचा नकार



जुईनगर स्टेशनवरून हार्बरची लोकल पकडून तुम्ही कधी ना कधी मुंबईला गेला असाल. वाशीची खाडी ओलांडून गाडी तासाभरात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. तेथून चालत ओव्हल मैदानाच्या दिशेने गेलात, तर काळसर दगडाची एक भव्य इमारत दिसते. तिला उंच मनोरे आहेत, लांबलचक व्हरांडे आहेत. हे मुंबईचे उच्च न्यायालय. ही इमारत १८७८ साली बांधून पूर्ण झाली.

या न्यायालयात आजवर हजारो खटले चालले. त्यांतील बहुतेक लोक विसरून गेले. पण एक खटला असा आहे, की त्याची आठवण सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली आहे. तो एका तरुण मुलीवर झालेला खटला होता. तिने चोरी केली नव्हती, कोणाला फसवले नव्हते. लहानपणी आपल्याला न विचारता लावून दिलेले लग्न आपण मानत नाही, एवढेच तिने सांगितले होते. त्या मुलीचे नाव रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. तो काळ कसा होता, हे आधी समजून घ्या. रखमाबाईंच्या जन्मापूर्वी सोळा वर्षे, म्हणजे १८४८ साली, अमेरिकेत सेनेका फॉल्स या गावी एलिझाबेथ केडी स्टँटन आणि लुक्रेशिया मॉट यांनी स्त्रियांच्या हक्कांसाठी पहिली मोठी सभा भरवली होती. त्याच साली आपल्याकडे पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली होती. जगाच्या दोन टोकांना एकाच वर्षी दिवे लागले होते. पण घराघरांत अजून अंधारच होता. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई. शाळेचे तोंड फार थोड्या मुलींना दिसे.

रखमाबाईंच्या आईचे नाव जयंतीबाई आणि वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग. जयंतीबाईंचे लग्न लहान वयातच झाले होते. पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. वडील वारले तेव्हा रखमा अवघी अडीच वर्षांची होती. बाप म्हणजे काय हे कळण्याआधीच ती पोरकी झाली.

पुढे काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न केले. त्या काळी वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींत विधवेला पुन्हा लग्न करता येत नसे. या कुटुंबाच्या सुतार समाजात मात्र ती चाल होती. लग्नापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता आपल्या मुलीच्या, म्हणजे रखमाच्या नावे करून दिली. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

डॉ. सखाराम अर्जुन हे मोठे विद्वान गृहस्थ होते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत. झाडे, वेली, औषधी वनस्पती यांचा त्यांचा गाढ अभ्यास होता. १८८३ साली मुंबईत निसर्गाचा अभ्यास करणारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्यांनी रखमाला पोटच्या मुलीसारखे वाढवले. घरात पुस्तके होती, शिकलेल्या माणसांची ये-जा होती. अशा घरात रखमाला वाचनाची गोडी लागली नसती तरच नवल!

पण रूढीचा जोर शिकलेल्या घरातही चालतो. रखमा अकरा वर्षांची झाली आणि तिचे लग्न ठरले. मुलाचे नाव दादाजी भिकाजी, वय एकोणीस. तो सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला, गरीब घरचा मुलगा होता. त्याने घरजावई म्हणून सासऱ्यांच्या घरी राहावे, शिकावे आणि चांगला माणूस बनावे, असे ठरले होते. लग्न झाले आणि रखमाची शाळा सुटली.

आता पुढची आठ वर्षे काय घडले ते पाहा. दादाजींनी शाळेकडे पाठ फिरवली. अभ्यासात त्यांचे मन रमेना. ते सासऱ्यांचे घर सोडून आपल्या मामाच्या घरी राहायला गेले. तेथे त्यांची प्रकृती बिघडली आणि कर्जही वाढत गेले.

याच आठ वर्षांत रखमा घरी बसून शिकत होती. मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणून ती वाचत होती. तिने स्वतःच्या मेहनतीने इंग्रजी आत्मसात केली. पंडिता रमाबाईंनी सुरू केलेल्या आर्य महिला समाजाच्या सभांना ती जाऊ लागली. एकाच लग्नाच्या गाठीने बांधलेली दोन माणसे अशी दोन वेगळ्या वाटांनी चालत होती. लग्नानंतर रखमा एक दिवसही दादाजींच्या घरी राहिली नव्हती.

१८८४ साली दादाजींनी वकिलामार्फत नोटीस पाठवली. माझ्या बायकोला माझ्या घरी नांदायला पाठवा, अशी त्यांची मागणी होती. नांदणे हा खास मराठी शब्द आहे. लग्न झालेली मुलगी सासरी राहून संसार करते, त्याला नांदणे म्हणतात. रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला. आपल्या नावावरच्या मालमत्तेवर त्या घराचा डोळा आहे, असेही त्यांच्या बाजूचे म्हणणे होते. मग दादाजींनी उच्च न्यायालयात दावा लावला.

मुलामुलींनो, येथे थोडे थांबा आणि त्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तिचे वय वीस वर्षे. समोर न्यायाधीश, वकील, कायद्याची जाडजूड पुस्तके. बाहेर वर्तमानपत्रांत रोज उलटसुलट चर्चा. आणि खटल्याची सुनावणी होण्यापूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये, तिचा मोठा आधार असलेले डॉ. सखाराम अर्जुन वारले. अशा वेळी कोणीही खचून गेले असते. रखमाबाईंनी मात्र लेखणी हातात घेतली. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया या वर्तमानपत्रात त्यांनी १८८५ साली दोन लांब पत्रे लिहिली. एक बालविवाहावर आणि दुसरे विधवांच्या हालांवर. खाली स्वतःचे नाव न देता, एक हिंदू स्त्री एवढीच सही त्यांनी केली. लग्न लवकर झाल्यामुळे मुलीचे शिक्षण कसे तुटते आणि तिचे सारे आयुष्य कसे बंद होते, हे त्यांनी त्यांत मांडले. ही पत्रे वाचून शहरात खळबळ उडाली.

सप्टेंबर १८८५ मध्ये पहिला निकाल लागला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. असहाय बालवयात जिचे लग्न लावून दिले, अशा तरुणीला तिच्या इच्छेविरुद्ध पतीच्या घरी पाठवणे रानटीपणाचे होईल, असे त्यांचे मत पडले. रखमाबाई जिंकल्या!

पण हा आनंद फार दिवस टिकला नाही. दादाजींनी अपील केले. वरिष्ठ न्यायाधीशांनी १८८६ साली पहिला निकाल फिरवला आणि खटला पुन्हा चालवण्यास सांगितले. या वेळी न्यायमूर्ती फॅरन यांच्यासमोर सुनावणी झाली. ४ मार्च १८८७ रोजी निकाल आला. रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे. न गेल्यास सहा महिने तुरुंगात राहावे, असा हुकूम झाला.

रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

येथे एका शब्दाकडे लक्ष द्या. हिंदीत शिकण्या-शिकवण्याला शिक्षा म्हणतात. मराठीत मात्र शिक्षा म्हणजे सजा. उर्दूत तुम्ही ज्याला तालीम म्हणता, त्याला मराठीत शिक्षण म्हणतात. दरवर्षी परीक्षेत काही जण या दोन शब्दांत गोंधळ करतात. तुम्ही तो करू नका. आणि तरीही चुकलात, तर रखमाबाईंना आठवा. त्यांनी शिक्षणासाठी शिक्षा स्वीकारायची ठरवली होती.

आता सगळा देश दोन गटांत वाटला गेला. बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकाराने रखमाबाईंच्या बाजूने जोरदार लिहिले. खटल्याच्या खर्चासाठी मदत गोळा करायला एक समितीही स्थापन झाली. दुसऱ्या बाजूला लोकमान्य टिळकांच्या केसरीने रखमाबाईंवर कडक टीका केली. परक्या सरकारने आमच्या धर्मात आणि घरात हात घालू नये, सुधारणा आमच्या आम्ही करू, असा हा विचार होता. मुली इंग्रजी शिकल्या म्हणून त्या अशा वागू लागल्या, असेही अनेक जण म्हणत. टिळक मोठे देशभक्त होते, यात शंका नाही. पण मोठ्या माणसांचे प्रत्येक मत बरोबरच असते, असे नाही. इतिहास वाचताना आदर ठेवावा, आणि डोळेही उघडे ठेवावेत.

या वादातील मूळ प्रश्न संमतीचा होता. तुम्हाला हा प्रश्न लवकर समजेल. निकाहाच्या वेळी वकील आणि गवाह मुलीची रजामंदी विचारतात, हे तुम्ही घरच्या लग्नात पाहिले आहे. तिने कबूल म्हटले की मगच पुढचे काम होते. म्हणजे मुलीला विचारले पाहिजे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पण विचार करा, अकरा वर्षांच्या मुलीला विचारले आणि घरच्यांच्या धाकाने तिने मान हलवली, तर त्याला संमती म्हणता येईल काय? आपण कशाला होकार देत आहोत हे जिला ठाऊकच नाही, तिच्या होकाराला काय अर्थ? रखमाबाईंनी नेमका हाच प्रश्न न्यायालयासमोर आणि समाजासमोर ठेवला. तो एका धर्माच्या मुलींपुरता नव्हता. सगळ्याच मुलींचा होता.

या खटल्याची बातमी इंग्लंडपर्यंत गेली. रखमाबाईंचे एक पत्र एप्रिल १८८७ मध्ये लंडनच्या टाइम्स या वर्तमानपत्रात छापून आले. तेथील लोकही हळहळले. काही ठिकाणी तुम्हाला असे वाचायला मिळेल, की व्हिक्टोरिया राणीने हुकूम काढून हे लग्न मोडले. ते खरे नाही. न्यायालयाने रखमाबाईंना स्वातंत्र्य दिले नाही. जुलै १८८८ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली. दादाजींनी २,००० रुपये घेतले आणि आपला दावा सोडला. रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही. पण जो हक्क कायद्याने मिळायला हवा होता, तो पैसे मोजून मिळवावा लागला. दादाजींनी पुढच्याच वर्षी दुसरे लग्न केले. रखमाबाईंनी पुन्हा लग्न केले नाही.

खटला संपला, तेव्हा रखमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या. आता पुढे काय? कोणी म्हणेल, इतके सोसल्यावर घरी शांत बसावे. पण ज्या शिक्षणासाठी एवढा झगडा केला, ते अजून पुरे व्हायचे होते. त्या वेळी मुंबईच्या कामा रुग्णालयात डॉ. एडिथ पीची या इंग्रज डॉक्टर काम करीत होत्या. इंग्लंडमध्ये मुलींना डॉक्टर होता यावे म्हणून ज्या काही जणी झगडल्या, त्यांपैकी त्या एक. त्यांनी रखमाबाईंना डॉक्टर होण्याचा सल्ला दिला आणि मदतही केली.

१८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. परका देश, कडाक्याची थंडी, अवघड अभ्यास. अकराव्या वर्षी जिची शाळा सुटली होती, ती मुलगी आता डॉक्टरीची जाड पुस्तके वाचत होती. १८९४ साली त्यांनी शिक्षण पूर्ण केले. त्यांच्याआधी आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या होत्या. पण दुर्दैवाने पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि रुग्णसेवा करण्याचे त्यांचे स्वप्न अपुरे राहिले. रखमाबाईंना मात्र दीर्घ आयुष्य लाभले, आणि त्यांनी ते पुरेपूर कामी लावले.

१८९५ साली त्या सुरतच्या स्त्रियांच्या रुग्णालयात मुख्य डॉक्टर म्हणून रुजू झाल्या. अनेक वर्षे तेथे काम केल्यावर त्या राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या. सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी गुजरातमधल्या बायाबापड्यांवर उपचार केले. त्या काळी अनेक स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जात नसत. दुखणे अंगावर काढत आणि बाळंतपणात जीव गमावत. अशा स्त्रियांना रखमाबाई म्हणजे मोठा आधार वाटे. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ साली, स्त्रियांना घरात कोंडून ठेवणाऱ्या पडदा पद्धतीविरुद्ध त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली. त्यानंतर त्या मुंबईला परत आल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. गुलाम देशात जन्मलेल्या रखमाबाईंनी स्वतंत्र भारत पाहिला.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र आपल्याला कोड्यात टाकते. १९०४ साली दादाजी वारले. ज्या माणसाला पती मानण्यास रखमाबाईंनी आयुष्यभर नकार दिला होता, त्याच्या मृत्यूनंतर त्यांनी विधवेसारखी पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. असे त्यांनी का केले असेल? समाजाचे बोलणे थांबावे म्हणून? की मनात आणखी काही होते? तुम्ही आपापसांत चर्चा करून पाहा. माणसाचे मन गणितासारखे सरळ नसते. शूर माणसाचेही नसते.

रखमाबाईंच्या लढ्याने काय साधले? स्वतःच्या खटल्यात त्या हरल्या, असेच कागदावर दिसते. पण त्या खटल्यामुळे बालविवाहाचा प्रश्न घरोघर बोलला जाऊ लागला. १८९१ साली सरकारने कायदा करून मुलीचे संमतीचे वय दहावरून बारा केले. आज आपल्याला हे वय फारच लहान वाटते. पण त्या वेळी एवढ्यासाठीही केवढे वादळ उठले होते! १९२९ च्या कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा ठरले. आज ते अठरा आहे आणि मुलाचे एकवीस. एकेक पायरी चढायला अशी अनेक वर्षे लागली.

कायदा झाला म्हणजे सारे झाले, असे मात्र समजू नका. आजही शाळेत वर्षाच्या सुरुवातीला हजेरीपटावर जितकी नावे असतात, तितकी शेवटी उरतातच असे नाही. एखादी हुशार मुलगी यायची बंद होते. तिच्या मैत्रिणी हळूच सांगतात, की तिचे लग्न ठरले. काही दिवस तिची जागा रिकामी राहते, मग तेथे दुसरे कोणी बसते. तुमच्या वर्गातही असे घडले असेल. मुलींनो, तुमच्यावर अशी वेळ आली, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आदराने, पण स्पष्ट शब्दांत आपले म्हणणे सांगा. आई, नाना-नानी, शिक्षक, ज्यांच्यावर तुमचा विश्वास असेल त्यांच्याशी बोला. आणि मुलांनो, ही गोष्ट केवळ मुलींसाठी आहे असे समजून पान उलटू नका. उद्या तुम्ही भाऊ म्हणून, बाप म्हणून घरात बोलाल. आपल्या बहिणीच्या शिक्षणासाठी आज एक शब्द बोललात, तर तिला एकटीने लढावे लागणार नाही.

पुढच्या वेळी मुंबईला जाल, तेव्हा उच्च न्यायालयाची ती दगडी इमारत जरूर पाहा. मग परत स्टेशनकडे या. स्टेशनच्या जवळच कामा रुग्णालय आहे. या दोन इमारतींमधले अंतर पायी पंधरा-वीस मिनिटांचे. एका इमारतीत रखमाबाईंना तुरुंगाचा हुकूम ऐकावा लागला. दुसऱ्या इमारतीतल्या डॉक्टरबाईंनी त्यांना पुढची वाट दाखवली. तेवढे अंतर तुम्ही सावकाश चालत जा, आणि घरी परत आल्यावर ही गोष्ट आपल्या बहिणीला सांगा.

शब्दार्थ
खटला – मुकदमा
निकाल – फैसला
पोरकी – यतीम
मालमत्ता – जायदाद
संमती – रजामंदी
तडजोड – सुलह, समझोता
रूढी – जुनी रीत, रस्म
शिक्षा – सजा
आत्मसात करणे – नीट शिकून आपलेसे करणे
अंगावर काढणे – उपचार न करता दुखणे सोसणे

स्वाध्याय
१. रखमाबाईंची शाळा का सुटली? त्यानंतर त्या कशा शिकल्या?
२. न्यायमूर्ती पिन्ही आणि न्यायमूर्ती फॅरन यांच्या निकालांत काय फरक होता?
३. शिक्षा आणि शिक्षण या दोन्ही शब्दांचा उपयोग करून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.
४. दावा, वकील, हुकूम, कैद हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा.
५. तुमच्या घरातील आजी किंवा नानी यांचे शिक्षण कितवीपर्यंत झाले आणि ते का थांबले, हे त्यांना विचारा. त्यांच्या उत्तरावर आठ-दहा ओळी मराठीत लिहा.